तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या घराला यूपीव्हीसी खिडक्या की ॲल्युमिनियमच्या?

जुन्या घराचं काम काढलेलं कोणीही भेटलं की दोन वाक्यांत गाडी खिडक्यांवर येते आणि प्रश्न ठरलेला असतो, यूपीव्हीसी (म्हणजे कडक प्लास्टिक) घेऊ की ॲल्युमिनियम? मी उलट विचारते, आत्ताच्या खिडकीचा त्रास नक्की काय आहे? आवाज येतो, पाणी येतं, उकडतं, गारठा येतो, की नुसती जुनाट दिसते म्हणून नको झालीय? कारण या प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे आणि त्यातली निम्मी उत्तरं फ्रेम कशाची घ्यायची याच्याशी संबंधितच नाहीत.

आधी एक काम करा. एक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि जुन्या लाकडी चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत टोचून बघा, लाकूड सडतं ते तिथूनच, कारण पाणी तिथे साचतं. टोक आत घुसलं तर चौकट गेली. पण लाकूड कडक लागलं, वाळवी नाही, आणि तक्रार एवढीच की पल्ला घासतो, कडी बसत नाही, फटीतून वारा येतो, तर ती खिडकी काढायची घाई का? बिजागऱ्या बदला, पल्ला रंधून घ्या, काचेभोवतीची सुटलेली लांबी (पुट्टी) काढून नवीन भरा, कडेने रबराची पट्टी लावा. जुनं चांगलं सागवान पुन्हा तसं मिळणं अवघड असतं. फक्त जुना रंग कोरडा घासू नका, जुन्या रंगांत शिसं असण्याची बरीच शक्यता असते आणि ती धूळ लहान मुलांना फार वाईट, ओलं करून खरवडा आणि मुलांना तेवढे दिवस लांब ठेवा.

बरं, बदलायचीच ठरली. तर मटेरियलच्या आधी ती उघडणार कशी ते ठरवा. स्लायडिंगला जागा लागत नाही म्हणून सगळे डोळे मिटून तीच घेतात, पण दोन पल्ल्यांची स्लायडिंग कधीही अर्धीच उघडते. आणि पल्ला सरकायचा म्हणजे कडेला थोडी मोकळीक ठेवावीच लागते, तिथे ब्रशची पट्टी असते, आणि ब्रश हवा-आवाज अडवून अडवून किती अडवणार. बिजागरीवर उघडणारा पल्ला बंद करताना रबरावर दाबून बसतो, त्यामुळे वारा, पाणी, आवाज तिन्हीला तो सरस. तुमची तक्रार आवाजाची असेल तर भारी कंपनीची स्लायडिंग घेण्यापेक्षा साधी उघडणारी घ्या असं मी सरळ सांगते. स्लायडिंगच हवी असेल तर खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जायची भोकं आहेत ना ते बघा, आणि नंतर कोणी सिलिकॉन मारताना ती बुजवत नाहीये ना हेही बघा, हे फार होतं.

आता मटेरियल. ॲल्युमिनियम यूपीव्हीसीपेक्षा साधारण हजारपट जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणून खूप थंडी किंवा सतत एसी असेल तर साधं ॲल्युमिनियम नको, मध्ये थर्मल ब्रेक, म्हणजे उष्णता अडवणारी प्लास्टिकची पट्टी, असलेलं घ्या. पण ते मजबूत असतं, फ्रेम बारीक येते, जास्त काच मिळते. यूपीव्हीसीच्या आत स्टीलची पट्टी आहे का आणि ती किती जाडीची हे विचारा, मोठ्या पल्ल्यात ती नसेल तर पल्ला वाकतो. संपलं, यापेक्षा जास्त डोकं लावायची गरज नाही.

डोकं लावायचं ते काचेला. डबल ग्लास म्हटलं की सगळं सुटलं असं लोकांना वाटतं. साध्या एका काचेचा यू-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता किती निसटते त्याचा आकडा, ५.७ च्या आसपास असतो आणि साध्या डबल काचेचा २.८ च्या आसपास, म्हणजे निम्मा, लो-ई कोटिंग (काचेवरचा उष्णता परतवणारा पातळ थर) घेतलं तर अजून कमी. पण हा हिशोब आतल्या-बाहेरच्या तापमानाच्या फरकाचा झाला. थेट ऊन आत येतं त्याला नुसती पारदर्शक डबल काच फार अडवत नाही, त्यासाठी सोलर कंट्रोल, म्हणजे उन्हाची उष्णता अडवणारी, काच पाहिजे किंवा सरळ बाहेरून सावली. बाहेरची सावली आतल्या पडद्यापेक्षा कितीतरी चांगली, कारण ऊन एकदा काचेतून आत आलं की आलंच.

आवाजाचं गणित तर उलटंच आहे. उष्णतेसाठी दोन काचांमधलं अंतर १२ ते १६ मिलिमीटर पुरतं, त्याहून वाढवलं तर आतली हवा फिरायला लागते आणि फायदा वाढत नाही. आवाजाला मात्र १०० मिलिमीटर किंवा जास्त अंतर लागतं. म्हणून रस्त्याच्या आवाजाने हैराण असाल तर जुनी खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूला दुसरी खिडकी बसवणं हा उपाय कितीतरी वेळा महागड्या डबल ग्लासपेक्षा चांगला चालतो, जुन्या घरांच्या भिंती जाड असल्या तर जागाही असते, आणि बाहेरून घराचं रूप बदलत नाही. तेवढी जागा नसेल तर लॅमिनेटेड काच घ्या, दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असतो तो आवाजाची थरथर मारतो. टफन काच वेगळी, ती फुटली तर बारीक दाणे होतात म्हणून सुरक्षित, आवाजाशी तिचा संबंध नाही. दुकानात दोन्ही एकाच दमात सांगतात.

जुन्या घरात चौकोन चौकोन नसतो हे वेगळं सांगायला नकोच. रुंदी वर, मधे, खाली, उंची डावीकडे, मधे, उजवीकडे, शिवाय दोन्ही कर्ण, आणि ऑर्डर सगळ्यात लहान मापाप्रमाणे. माप बसवणाऱ्यानेच घेऊ दे, म्हणजे नंतर चुकलं कोणाचं हा वाद नको. जुन्या चौकटीच्या आतच नवीन बसवली तर तोडफोड वाचते पण चारही बाजूंनी उजेड कमी होतो, छोट्या खिडकीत ते चांगलंच जाणवतं. पूर्ण चौकट काढणार असाल तर वर लिंटल (भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई) आहे का ते आधी तपासून घ्या, काही जुन्या बांधकामांत वरच्या विटांचा भार चौकटीवरच असतो आणि ती काढली की वरून भेगा सुरू.

अजून एक, हे कोणी विचारत नाही. जुनी खिडकी गळकी होती म्हणून घर श्वास घेत होतं. नवीन घट्ट बसली की आतला दमटपणा आतच, आणि महिन्या-दोन महिन्यांत कोपऱ्यात बुरशी दिसली की लोक खिडकीवाल्याला शिव्या देतात. व्हेंट किंवा एक्झॉस्टचा विचार आधीच करा. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर ती खिडकी घट्ट करूच नका, कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो आणि त्याला वासही नसतो.

आणि सगळ्या खिडक्यांची ऑर्डर एकदम देऊ नका. जिथे पावसाचा मारा सगळ्यात जास्त लागतो ती एक आधी बसवून घ्या, एक जोरदार पाऊस जाऊ द्या, आतून सिलवर, म्हणजे खिडकीखालच्या कट्ट्यावर, हात फिरवून बघा, कोरडी असेल तर बाकीच्यांचा ॲडव्हान्स द्या.