पंच्याऐंशीवा प्रश्न

आज टेक्सासमध्ये एनसीएलईएक्स-पीएन ही नर्सिंगच्या परवान्यासाठीची परीक्षा दिली. ज्या कामाला अमेरिकेत बहुतेक ठिकाणी एलपीएन (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स) म्हणतात, त्यालाच टेक्सास आणि कॅलिफोर्नियात एलव्हीएन (लायसन्स्ड व्होकेशनल नर्स) म्हणतात. आईला हे फोनवर समजावता समजावता थकून, शेवटी ‘आपल्याकडच्या एएनएमसारखे’ असे (काहीसे चुकीचेच) सांगून मी सुटका करून घेतली आहे.

केंद्रात तळहाताच्या शिरा स्कॅन झाल्या आणि घड्याळ लॉकरमध्ये गेले. वेळ 5 तासांचा, प्रश्न कमीत कमी 85 आणि जास्तीत जास्त 150. उत्तर बरोबर आले की संगणक पुढचा प्रश्न अधिक अवघड देतो, त्यामुळे प्रश्न कठीण वाटू लागल्यावर आनंद मानावा की घाम पुसावा, हेच कळत नव्हते. चौघांपैकी कोणत्या रुग्णाकडे आधी जाल, या एका प्रश्नावर मी बराच वेळ अडले. वेदनेने ओरडणारा नव्हे, तर अचानक गप्प झालेला रुग्ण मी निवडला.

पंच्याऐंशिव्या उत्तरानंतर पडदा बंद झाला. उत्तीर्णांचा होतो, तसाच अनुत्तीर्णांचाही होतो. गाडीत बसल्यावर पाहिले, तर किल्ली अजून लॉकरचीच हातात होती.