थेंबही न घेणाऱ्याचं यकृत

पेडण्याहून आलेल्या ५६ वर्षांच्या गृहस्थांच्या यकृताच्या कॅन्सरचं निदान सीटीतच झालं होतं. यकृताच्या उजव्या भागात ३.४ सेंटीमीटरची गाठ. डाय सोडल्यावर धमनीच्या टप्प्यात ती आजूबाजूपेक्षा उजळ, नंतरच्या टप्प्यांत काळपट. सिरॉसिस झालेल्या, म्हणजे वण पडून कडक झालेल्या यकृतात हे चित्र दिसलं की बायोप्सी सहसा लागत नाही. एएफपी, म्हणजे या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारं प्रथिन, मात्र फक्त ११. एएफपी नॉर्मल म्हणून गाठ सोडून देऊ नये. कॅन्सर असूनही ते न वाढणारे रुग्ण कमी नसतात.

हिपॅटायटीस बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह. मधुमेह मात्र जुना, पोटही सुटलेलं.

मुलीने जनुकचाचणीचा रिपोर्ट पुढे ठेवला. पीएनपीएलए३ हे जनुक, प्रकार जीजी, म्हणजे त्याच्या दोन्ही प्रती जी. "बाबांनी फेणीला कधी हात लावला नाही, डॉक्टर. मग हे आमच्या रक्तातच आहे का?"

थोडं आहे. या जनुकाच्या जी प्रकारात प्रथिनाच्या १४८ व्या जागी एक अमिनो आम्ल बदलतं. बदललेलं प्रथिन पेशीतल्या चरबीच्या थेंबांवर साचून राहतं आणि चरबी मोडू देत नाही. २००८ साली अमेरिकेतल्या डॅलसच्या अभ्यासात हा प्रकार हिस्पॅनिकांत सर्वाधिक, गोऱ्यांत त्याहून कमी आणि कृष्णवर्णीयांत सर्वांत कमी आढळला. तरीही तिथे यकृताचा कॅन्सर गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांत जास्त, कारण हिपॅटायटीस बी-सीचा भार त्यांच्यावर मोठा. म्हणून समाजाच्या नावावरून धोका ठरवणं मला पटत नाही. वजन, साखर, दारू आणि विषाणू यांचा हिशोब आधी व्हायला हवा.

वडील जीजी, म्हणजे मुलीकडे एक जी आलाच आहे. तिला सांगितलं, वजन आणि साखर सांभाळ. बीएमआय २३ च्या पुढे गेला की आपल्याकडे सावध व्हायचं.

खरी काळजी सोबत आलेल्या काकांची वाटली. वय ४८, मधुमेह, उन्हाळ्यात हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची दारू. त्यांच्याच जुन्या रिपोर्टवरून फिब-४, म्हणजे यकृतातल्या वणांचा अंदाज देणारा आकडा काढला (एएसटी, एएलटी ही यकृताची एन्झाइम्स): वय गुणिले एएसटी ६२, भागिले प्लेटलेट १४२ (हजारांत) गुणिले एएलटी ४९ चं वर्गमूळ. उत्तर २.९९. २.६७ च्या वर गेलं की फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, करायचाच.

पण ते पाव-भाजी खाऊन आले होते. जेवणानंतर यकृताचा रक्तप्रवाह वाढतो आणि कडकपणा खोटा वाढून येतो. किमान तीन तास पोट रिकामं हवं. म्हणून दुपारी केला. उताणं झोपवून, उजवा हात डोक्यामागे, फासळ्यांमधून १० मोजण्या. मध्यक (मधली किंमत) १७.४ किलोपास्कल, म्हणजे यकृत बरंच कडक, मोजण्यांतला फरकही ३० टक्क्यांच्या आत.

त्यांना जनुकचाचणी सांगितली नाही. उत्तर काहीही आलं तरी पुढचं बदलणार नव्हतं. हुर्राक पूर्ण बंद, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली, म्हणून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघायला एंडोस्कोपीही लिहून दिली.