कारण : नर्मदा परिक्रमा

चातुर्मास संपला, कार्तिकी एकादशी झाली, की ओंकारेश्वरहून नर्मदेची पायी परिक्रमा उचलायची, हे मे महिन्यातच ठरलं होतं. सराव, सॅक, रजा सगळं वेळेत जमलं. अडलं ते एका दाखल्यावर.

आधी जाऊन आलेल्या दोघांनी बजावलं होतं, अनोळखी गावांत मुक्काम असतो, पोलिसांचा दाखला जवळ असू दे. अर्ज घेऊन गेलो. खिडकीतल्या मुलाने विचारलं, “काका, कशासाठी हवाय?”

“नर्मदा परिक्रमेसाठी.”

“म्हणजे नोकरीला?”

“नाही.”

“मग परदेशी?”

मुक्कामाचा पत्ता मागितला. म्हटलं, रोज वेगळा. “एक तरी लिहा ना!” मी लिहिलं, ‘नर्मदेचा काठ’. तीन दिवसांनी अर्ज परत. शेरा : पत्ता अपूर्ण.

दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला शिक्का कपाटात, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. चौथ्या खेपेला माझा आवाज चढला. चुकलंच माझं, कारण कागद गठ्ठ्याच्या पार तळाशी गेला. इकडे रेल्वेचं तिकीट काढून बसलेलो. शेवटी एका वयस्कर हवालदारांना दया आली. “किती दिवसांची हो असते?” म्हटलं, परंपरेप्रमाणे ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवस, मी पाच महिन्यांत उरकणार. ते हसले. कारणापुढे ‘तीर्थयात्रा’, पत्त्यापुढे ‘ओंकारेश्वर, जि. खंडवा’ लिहून सही घेऊन आले. अठरा दिवसांचं काम दहा मिनिटांत! तुम्ही पहिल्याच दिवशी असंच लिहा.

आणि तो दाखला अख्ख्या वाटेत कुणीही मागितला नाही. आश्रमात शिरलं की विचारतात ते एवढंच, “कितने मूर्ति हो?”, म्हणजे किती जण आहात. आधारच्या झेरॉक्स आणि फोटो मात्र भरपूर ठेवा, ओंकारेश्वरला परिक्रमेचं प्रमाणपत्र काढताना लागले.

बूट अर्धा नंबर मोठा घ्या, पाय सुजतात. हे आधी सांगायला हवं होतं. सॅक सहा किलोंच्या वर नको. माझी नऊची होती, ओंकारेश्वरजवळच्या मोरटक्क्यालाच तीन किलो वाटून टाकले. त्यात जाड स्वेटर गेला, आणि डिसेंबरात काठावरच्या दवात त्याची रोज आठवण आली. तेव्हा पुस्तकं वाटा, लोकर नको. मैया, म्हणजे नर्मदा, कायम उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही. त्यामुळे पलीकडचा बाजार कितीही जवळ दिसला तरी तो आपला नव्हे.

ओलांडायची ती फक्त समुद्राकडे. नदीच्या मुखाजवळच्या विमलेश्वरला नाव भरतीच्या वेळेवर सुटते, तोवर बसून राहायचं. तिथल्या वहीतही पत्त्याचा रकाना होता. मी गुपचूप घरचा लिहिला.