सव्वाआठ फूट

गावाचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. दक्षिण सोलापूर तालुका, सीनेचा काठ, एवढं पुरे. या गावातून माळ उतरून, ओढा ओलांडून, नदीच्या कडेकडेनं हत्तरसंग कुडलच्या सीना-भीमा संगमाकडे एक पायवाट जाते. किंवा जायची. वाद तेवढ्यावरच आहे.

मी मंडळ अधिकारी. रस्ता अडवल्याचा अर्ज आला की तहसीलदार स्थळ पाहणीला पाठवतात आणि मी, तलाठी, कोतवाल आणि पंच असे सगळे दुसऱ्याच्या शेतात जाऊन उभे राहतो. लोकांना वाटतं आम्ही टेप धरून मोजायला आलोय. मोजणी भूमी अभिलेखवाल्यांची. आम्ही बघायचं आणि जे दिसलं ते लिहायचं. आणि सकाळी निघाल्यापासून परत येईपर्यंत बाईमाणसानं पाणी जपून प्यायचं, कारण शिवारात आडोसा म्हणजे तूर, आणि तुरीत कोणीतरी असतंच.

गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं दाखवतात, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायमार्गाला एकेरी तुटक रेषा, रुंदी सव्वाआठ फूट. हे आकडे उगाच नाहीत. जुनी साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. आठ आणे म्हणजे साडेसोळा फूट, चार आणे म्हणजे सव्वाआठ. इंग्रजी अमदानीतल्या मोजणीदारानं माणसाच्या चालण्याला चार आणे दिले. आज त्याला कोणी चार आणेही देत नाही, ही गोष्ट वेगळी. मातोश्री पाणंद योजनेत गावोगावचे शेतरस्ते झाले, चांगलं झालं, उसाच्या गाड्या चिखलात रुतायच्या थांबल्या. पण पायवाटेला योजना नाही. तिच्यावर खडी पडत नाही, मुरूम पडत नाही, म्हणजे बिलही निघत नाही.

आमच्या प्रकरणात गोम अशी की वाट दोन गावांच्या शिवारातून जाते. वरच्या गावाच्या नकाशात ती शिवेपर्यंत स्वच्छ दिसते. खालच्या गावाच्या नकाशात ती सुरू होते ती पार पलीकडच्या गटातून. मधला तुकडा दोन्ही कागदांवर नाही. जमीन एकत्रीकरणात सर्वे नंबर मोडून गट पाडले, नकाशे नव्यानं काढले, तेव्हा कुणाच्या तरी हातून तेवढे ठिपके राहिले असावेत. अडवलेला भाग नेमका तिथलाच, उसाचा फड. नकाशा गप्प, म्हणजे सगळा भार वहिवाटीच्या पुराव्यावर.

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, होऊन दोन दिवस झाले होते. शेताशेतात कडब्याच्या कोपी अजून उभ्या होत्या. माळावरची वाट मला चालताना सापडत गेली, कारण मुरमावर पायवाट मरत नाही. तरवडाच्या झुडपांतून पांढुरका पट्टा सरळ खाली उतरतो. ओढ्यात उतरायला दगड नीट लावलेले, झिजून गुळगुळीत झालेले. पलीकडे काळी रानं, कमरेच्या वर गेलेला शाळू, आणि तिथून संगमाच्या बाजूची झाडी दिसायला लागते. सांगायला नको, पण सांगते: त्या टोकाला संगमेश्वराच्या देवळात शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख आहे, सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. शेजारी हरिहरेश्वरात 359 मुखांचं शिवलिंग आहे. एवढ्या जुन्या ठिकाणाला माणसं हजार वर्षं काय डांबरी रस्त्यानं जात होती? हा युक्तिवाद मी मनात केला. पंचनाम्यात असलं काही लिहिता येत नाही.

अर्जदार मोटारसायकलवर आला. पायवाट मागणारा माणूस पायी आलेला मी अजून पाहिलेला नाही.

अर्जात लिहिलं होतं, "गेल्या दोन महिन्यांपासून वाट अडवली आहे." सगळ्याच अर्जांत दोन-तीन महिने असतात. 1906 च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत यावं लागतं, हे तालुक्याच्या आवारातल्या प्रत्येक अर्जनवीसाला पाठ आहे. म्हणून मी तारीख कुणाला विचारत नाही, कुंपणाला विचारते. तोडलेल्या बाभळीचा पाला महिन्याभरात झडतो. पावसाळा खाल्लेली फांदी करडी पडते, साल सुटते, मातीला टेकलेल्या टोकाला वाळवी लागते. इथले काटे ताजे होते, साल अजून तपकिरी, दोन महिने खरेच. पण काट्यांच्या मागचा ऊस खोडवा होता, म्हणजे एकदा तोडल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटलेला. बुडख्याला मागच्या तोडणीची वाळकी खोडकी, सरीच्या कडा ढासळलेल्या, मधेमधे तुटाळ. म्हणजे वाटेवरून सरी ओढून वर्ष कधीच उलटलं होतं. तलाठी पोरगा हुशार आहे, फोनवर उपग्रहाचं चित्र काढून तेच दाखवत होता, पण हे उसाजवळ वाकून बघितल्यावर जसं कळतं तसं चित्रात कळत नाही. अर्थात त्यानंही नंतर वाकून बघितलं.

अर्जदाराकडे आणखी एक पुरावा होता. बांधावरच्या हद्दीच्या दगडावर लाल ऑइलपेंटचा बाण. "हे बघा मॅडम, रस्ता हाय म्हणून तर बाण हाय." तो बाण सोलापुरातून थंडीत रविवारी संगमापर्यंत चालायला येणाऱ्या मंडळींचा. चांगली माणसं आहेत, निवृत्त बँकवाले, प्राध्यापक, दोघं-तिघं डॉक्टर. शिवार बघतात, हुरडा मागून खातात, कचरा परत नेतात. पण हद्दीच्या दगडाला रंग फासू नये एवढं कळायला पेन्शन पुरत नाही असं दिसतं.

शेतमालक शांत होता. म्हणाला, "मॅडम, वाट नाहीच हितं. आणि दिली तर काय हुतंय ते मला म्हाईत हाय. आज माणूस, उद्या गाडी, पुढच्या गळिताला ट्रॅक्टर. ह्याचा ऊस तिकडं हाय, ह्याला देव नकोय, ट्रॉली न्यायचीय." अर्जदार ओरडला. त्याच्या ओरडण्यावरून मला कळलं की हे खरं आहे. सव्वाआठ फुटांत ट्रॉली जाते, फक्त वळत नाही.

मी पंचांना मजकूर सांगायला लागले, "सदर ठिकाणी वाटेची कोणतीही खूण..." आणि उसात सळसळ झाली. आधी वाटलं कोल्हा. दोन सऱ्यांमधून एक म्हातारी बाहेर आली. डोक्यावर टोपलं, हातात विळा, पायात टायरच्या चपला. काट्यांच्या कुंपणापाशी थांबली, विळ्यानं एक फांदी सफाईनं उचलली, बाजूला सारली, अलीकडे आली, वळून फांदी परत होती तिथं ठेवली. हात सवयीचा होता. शेतमालकानं मान खाली घातली. त्याची आई.

"एवढी माणसं का जमल्यात?" तिनं विचारलं. कोतवाल म्हणाला, "आज्जे, वाट बघालाव." ती म्हणाली, "ही काय की, हितंच हाय. माझ्या सासूच्या टायमाची. श्रावणात कुडलला आम्ही हितनंच जातो."

पंच एकमेकांकडे बघायला लागले. अर्जदार तर वहीत डोकं घालून म्हणतोय, लिवा, लिवा. मी म्हातारीला बांधावर बसवलं आणि नीट सांगितलं: हे कागदावर घेतलं तर तुमच्या लेकाच्या विरुद्ध जाईल. ती त्याच्याकडं बघून म्हणाली, "वाटंला न्हाई म्हणू ने रं बाबा. पाप लागतंय." मग मला, "पोरी, ल्ही. पण आसं बी ल्ही, पायी जाणाऱ्याला, शेरडा-करडाला. टॅक्टर घातला तर मी आडवी पडणार." तलाठ्यानं ते बोली काढून शुद्ध करायला घेतलं होतं, मी थांबवलं. जबाब सांगणाऱ्याच्या भाषेतच पाहिजे. अंगठा घेतला. टोपल्यातली भाकरी तिनं लेकालाच वाढली, आणि उरलेली कोतवालाला.

अहवाल लिहायला मला पाहणीपेक्षा जास्त वेळ लागला. खोडव्याचं लिहिलं, म्हणजे अर्ज मुदतीबाहेर ठरू शकतो. म्हातारीचं लिहिलं, म्हणजे वाट जिवंत आहे. दोन्ही खरं आहे. अर्ज फेटाळला तर नांगर वर्षभरात उरलेली खूणही मोडेल. मान्य झाला तर पुढच्या हंगामात ट्रॉली. कायद्यात माणसाच्या पायांपुरती वाट उघडी ठेवण्याची तरतूद असेलही, पण आमच्या छापील नमुन्यात तिला रकाना नाही. शेरा म्हणून शेवटी एक ओळ घातली: "वापर केवळ पायी व जनावरांसह, वाहनांचा वापर आढळून येत नाही." वरून फोन आला की अभिप्राय नको, वस्तुस्थिती लिहा. मी म्हटलं, ही वस्तुस्थितीच आहे, साहेब, त्या वाटेवर चाकोरी नाही. ओळ राहिली.

चालणाऱ्या मंडळींपैकी एकानं परवा विचारलं, जानेवारीत यायचं आहे, वाट उघडी आहे का? मी म्हटलं, म्हातारीला विचारून जा, आणि रंगाचा डबा घरी ठेवा.

पुढची तारीख संक्रांतीनंतर. माझ्या त्या शेवटच्या ओळीवर अर्जदाराच्या वकिलांनी लेखी हरकत घेतली आहे. शेतमालकाच्या वकिलांनीही.