कार्मोचं छत: अर्धं भूकंपानं नेलं, अर्धं फर्मानानं

लिस्बनच्या कार्मो चर्चचा फोटो बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो: मोकळं आकाश आणि त्याखाली नुसत्या टोकदार कमानी. '१७५५च्या भूकंपात छत पडलं' असं सांगितलं जातं. खरं आहे, पण निम्मंच.

हे चर्च ज्या मठाचं, तो कार्मेलाइट या कॅथलिक पंथाच्या साधूंचा मठ सेनापती नूनो आल्वारेश परेरा यांनी १३८९ साली बांधायला घेतला. जागा टेकडीच्या पार कडेला. काम चालू असतानाच दक्षिणेची भिंत ढासळली, म्हणून १३९९ मध्ये तिला बाहेरून कमानीचे टेकू दिले. चर्चकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताच्या वाटेनं ते जवळून दिसतात. त्याला तिकीट लागत नाही.

१ नोव्हेंबर १७५५ला सर्व संतांचा सण होता. चर्च माणसांनी भरलेली, वेदींवर मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंपामागोमाग आगी लागल्या आणि मठाचं ग्रंथालयही गेलं.

पुढच्याच वर्षी दुरुस्ती सुरू झाली. आज ज्यांचे फोटो 'मध्ययुगीन' म्हणून फिरतात ते मधले खांब आणि कमानी याच दुरुस्तीतल्या, जुन्या घडणीची नक्कल करून उभारलेल्या. अस्सल जुनं पाहायचं तर मुख्य दरवाजा आणि वेदीकडचं टोक नीट बघा. मग १८३४ मध्ये सरकारनं साधूंचे सगळे मठ बरखास्त केले आणि काम थांबलं ते कायमचंच. १८६४ पासून इथे पुरातत्त्व संग्रहालय आहे.

गोवेकरांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. त्याच धोरणानं १८३५ मध्ये जुन्या गोव्यातला ऑगस्टीनियन साधूंचा मठ ओस पडला आणि १८४२ मध्ये त्या चर्चचं छत कोसळलं. तिथे तर भूकंपही लागला नाही!

गोव्याचा आणखी एक धागा चर्चसमोरच्या चौकात आहे. २५ एप्रिल १९७४ला पोर्तुगालमध्ये लष्करी उठाव झाला, तेव्हा पंतप्रधान मार्सेलो कायतानो मठाच्या इमारतीतल्या रिपब्लिकन गार्ड या सशस्त्र पोलीस दलाच्या मुख्यालयात लपले आणि तिथेच शरण आले. त्यानंतरच्या सरकारनं ३१ डिसेंबर १९७४च्या करारानं गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं.

जायचं कसं? सांता जुस्ता लिफ्टच्या रांगेत ताटकळू नका. बाइशा-शियादो मेट्रो स्टेशनातून शियादोच्या बाजूनं वर या, पुढे थोडंसंच चालणं. संग्रहालय रविवारी बंद असतं. पावसात मधला भाग उघड्यावरच असल्यानं फरशी निसरडी होते, चपला घालून जाऊ नका. आतल्या छताखालच्या दालनांत पेरूमधल्या दोन ममी आहेत. लहान मुलं सोबत असतील तर आधी सांगून ठेवा.