आमची वाटचाल : लॅपटॉप उघडण्याची शिस्त

रत्नागिरीत आम्ही दुरुस्तीचं काम सुरू केलं तेव्हा खालचा खटका सरकवला की लॅपटॉपची बॅटरी हातात यायची. आता ती आत स्क्रूने बसवलेली असते. चार्जर काढून मशीन बंद केलं तरी बोर्डावर वीज असतेच, आणि आमची कामाची सगळी पद्धत या एका बदलाने फिरली.

बेस कव्हर, म्हणजे खालचं झाकण, निघालं की आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा, मग पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून धरायचं. तोवर दुसऱ्या कशाला हात नाही. बॅटरी जोडलेली असताना डिस्प्लेची केबल ओढली, तर बॅकलाइटची, म्हणजे स्क्रीन उजळवणाऱ्या दिव्यांची, लाइन शेजारच्या पिनला टेकून बोर्डावरचा फ्यूज जाऊ शकतो. मग नुसती स्क्रीन बदलायला आलेलं मशीन बोर्डाच्या कामाला लागतं. थिंकपॅडच्या बऱ्याच मॉडेलांत आतली बॅटरी बायोसमधूनच, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमधूनच, बंद करता येते. तिथे आम्ही कव्हर उघडण्याआधीच ती बंद करतो.

कोकणातल्या खाऱ्या हवेत स्क्रू गंजतात. पीएच ० मापाच्या (फिलिप्स, म्हणजे फुलीच्या खाचेच्या) स्क्रूला त्याहून लहान पीएच ०० बिट लावला की तो आत फिरतो आणि डोकं गुळगुळीत होतं. बिट नेमका हवा, आणि फिरवण्यापेक्षा खाली दाब जास्त हवा. सगळे स्क्रू काढूनही कव्हर हलत नसेल तर एखादा रबरी पायाखाली असतो. जोर लावू नये, तो शोधावा. काढलेले स्क्रू एका वाटीत टाकायची पद्धत आम्ही बंद केली. कागदावर बेसची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावतो. कारण लांबी ३, ५, ८ मिमी अशी वेगवेगळी असते, आणि ३च्या भोकात ८चा पिळला की वरच्या बाजूला फुगवटा येतो, नाहीतर बोर्डच फुटतो.

रिबन केबलचं बारीक लॉक नखाने अलगद उभं करायचं, मगच रिबन सरळ मागे ओढायची. काही कनेक्टरना लॉकच नसतं, म्हणून आधी भिंगातून बघावं. वाय-फाय अँटेनाची टोपी सरळ वर उचलायची, तिरकी नाही. बऱ्याच हीटसिंकवर (चिपची उष्णता बाहेर नेणारा धातूचा भाग) स्क्रूंपाशी १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात: सोडवताना उलट क्रम, कसताना सुलट, दर वेळी थोडं थोडं.

बेस कव्हर काढलेलं असताना स्क्रीनचं झाकण उघडू नये, हे आम्ही नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. स्वस्त मॉडेलांत बिजागरी ताठ आणि तिला धरणारं प्लास्टिक नाजूक असतं. आधार नसला की पितळी नट प्लास्टिकसकट उपटून येतो.

बॅटरी फुगलेली दिसली तर तिच्याखाली धातूची पट्टी घालायची नाही. भोक पडलं की ती पेट घेऊ शकते. प्लास्टिकच्या पिकने कडेने सावकाश सोडवायची, वाळूच्या बादलीत ठेवायची आणि ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्यायची. भंगारवाल्याला आम्ही ती देत नाही, गिऱ्हाइकाने आग्रह केला तरी.