शर्टाची छाती

आज दुपारचा बराच वेळ एका औपचारिक शर्टाच्या छातीला इस्त्री करण्यात गेला. धाकट्या भावाला संध्याकाळी वाद्यवृंदात वाजवायचे होते, त्यामुळे ते काम मी मनापासून केले. रोजच्या शर्टाला पुढून कापडाचा एकच पदर असतो. या शर्टाच्या छातीवर मात्र दुसरा पदर शिवलेला असतो आणि तो कमरेच्या वरच संपतो, कारण कडक कापड पँटच्या पट्ट्याखाली गेले तर माणूस खाली बसताच ते मुडपून वर फुगते. शिवणाऱ्यांनी केलेला हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

काळ्या बो टायसोबत चुण्यांची छाती चालते. पांढऱ्या बो टायला मात्र खळ देऊन ताठ केलेली सपाट छातीच हवी, आणि ती बहुधा मार्सेला या उठावदार विणीच्या सुती कापडाची असते, कारण त्या विणीत खळ चांगली धरते. अशा छातीवर शिवलेल्या बटणांऐवजी सुटे स्टड काजांतून घालतात.

भावाचा शर्ट चुण्यांचा होता. एकेक चुणी खालून बोटांनी ताणून धरायची, कापड किंचित दमट ठेवायचे आणि इस्त्रीचे टोक शिवणीच्या कडेने सावकाश न्यायचे. घाई केली की घडी तिरपी बसते.

पूर्वी नुसती छातीच वेगळी मिळत असे, तिला डिकी म्हणत. सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकची डिकी ओल्या फडक्याने पुसता येई, पण ती चटकन पेटही घेई. मला तरी कापडाचीच छाती पसंत आहे, मग तिच्यावर कितीही वेळ जावो.